बधिर करण्याच्या इंजेक्शनची ॲलर्जी: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात काढायचा असो, जखमेला टाके घालायचे असोत की सिझेरियन असो, ‘सुन्न करायचं इंजेक्शन’ म्हटलं की काही शंका हमखास येतात. मी भूलतज्ज्ञ आहे. नाशिक शहरातून आणि सिन्नर, निफाड, दिंडोरी, पेठ भागातून जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. तुम्हाला ॲलर्जी आहे की नाही, हे नुसतं वाचून ठरवता येणार नाही. पण डॉक्टरांशी काय बोलायचं आणि त्यांना काय विचारायचं, हे नक्की कळेल. आत्ता या क्षणी कुणाला त्रास होत असेल तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न ६ आणि ७ वाचा.

१. बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये नक्की कोणतं औषध असतं?

बहुतेक वेळा लिग्नोकेन. लोक त्याला झायलोकेन म्हणतात. ते मुळात एका ब्रँडचं नाव, पण आता सगळ्यांच्याच तोंडी बसलंय. हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि १९४८ पासून बाजारात आलं. कमरेतून भूल देताना बहुधा बुपिव्हाकेन वापरतात. काही दंतवैद्य आर्टिकेन वापरतात. ही सगळी ‘अमाइड’ गटातली औषधं.

दुसरा गट ‘एस्टर’चा. प्रोकेन, बेंझोकेन, टेट्राकेन, क्लोरोप्रोकेन ही त्यातली नावं. प्रोकेनसारखं एस्टर शरीरात फुटलं की पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल तयार होतं आणि ॲलर्जीला बहुतेकदा तेच कारण ठरतं. अमाइड गटात हा प्रकार नाही. इंजेक्शनातून एस्टर आता क्वचितच दिलं जातं, पण घशाच्या गोळ्या, फवारे, तोंडातल्या फोडांवर लावायची जेल यांत बेंझोकेन अजून सापडतं. हे दोन गट लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरांमध्ये त्यांचं काम पडेल.

२. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी किती जणांना असते?

फारच थोड्यांना. या इंजेक्शनांनंतर ‘रिॲक्शन’ म्हणून ज्या घटना नोंदवल्या जातात, त्यांतली खरी ॲलर्जी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने औषधाला शत्रू समजून केलेला हल्ला, एक टक्क्याहूनही कमी असते असं मानलं जातं. बाकीच्या घटनांची कारणं वेगळी असतात (प्रश्न ३, ४, १४ आणि १५).

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही तितकेच खरे आहेत. एक, ‘मला झायलोकेनची ॲलर्जी आहे’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ती नसते. दोन, ज्या मोजक्यांना ती असते त्यांचा जीव काही मिनिटांत धोक्यात येऊ शकतो. म्हणून ‘असं काही नसतं हो’ म्हणून रुग्णाला गप्प करणं जेवढं चूक, तेवढंच न तपासता फाइलवर ॲलर्जीचा शिक्का मारणंही चूक.

असा शिक्का बसलेल्या फाइली मी पाहत आलोय. पहिल्या पानावर लाल शाईत ‘झायलोकेन ॲलर्जी’, त्याखाली दोन रेघा. तारीख नाही, किती औषध दिलं ते नाही, किती मिनिटांनी काय झालं तेही नाही. मग त्या माणसाची दाढ दुखते तेव्हा कुणी हात लावत नाही, बोटाला कोयता लागला तर टाके बधिर न करता घातले जातात, आणि एरवी पंधरा मिनिटांत उरकणाऱ्या कामासाठी पूर्ण भूल द्यायची वेळ येते. दोन रेघांमुळे माणसाला वर्षानुवर्षं हे सोसावं लागतं.

३. इंजेक्शन दिल्या दिल्या मला डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला आणि मी खुर्चीतच घसरले. ही ॲलर्जीच ना?

बहुधा नाही. भीतीने, सुईच्या वेदनेने किंवा उपाशीपोटी बसल्याने नाडी मंदावते, रक्तदाब खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. यालाच आपण घेरी येणं म्हणतो. दंतवैद्याकडे होणाऱ्या ‘रिॲक्शन’चं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

खुणा बघा. घेरीत चेहरा पांढराफटक पडतो, अंग गार आणि घामेजलेलं लागतं, नाडी हळू चालते. आडवं करून पाय वर उचलले की एक-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो. अंगाला खाज नसते, गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत. खऱ्या ॲलर्जीत चित्र बहुधा उलटं असतं: अंग लाल आणि गरम, खाज, नाडी जोरात, आणि आडवं केलं तरी त्रास वाढतच जातो. गोंधळ एवढाच की काही वेळा गंभीर ॲलर्जीही त्वचेवर काहीच न दाखवता थेट रक्तदाब पाडते. म्हणून आडवं करूनही माणूस लगेच सावरला नाही तर ‘घेरीच असेल’ म्हणत बसू नये.

संकष्टीच्या किंवा एकादशीच्या उपवासात दात काढायला येऊ नका, असं मी नेहमी सांगतो. नुसतं बधिर करायचं असेल तर हलकं खाऊन या. (पूर्ण भूल द्यायची असेल तर मात्र उपाशीपोटीच यावं लागतं; तेव्हा डॉक्टर सांगतील तसंच करा.)

४. माझी छाती जोरात धडधडली आणि हात थरथरले. डॉक्टर म्हणाले काही नाही. काही नाही कसं?

बधिर करण्याच्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि औषधाचा परिणाम जास्त वेळ टिकतो. बाटलीवर १:८०,००० किंवा १:२,००,००० लिहिलेलं असतं, ते त्याचंच प्रमाण. यातलं थोडं रक्तात गेलं की धडधड, थरथर, घाबरल्यासारखं वाटणं हे होतं आणि काही मिनिटांत ओसरतं. ॲड्रेनलिन आपल्या शरीरातही तयार होतं, त्यामुळे त्याची ॲलर्जी होत नाही. हृदयविकार किंवा थायरॉइड असेल तर मात्र आधी सांगा, म्हणजे ॲड्रेनलिन नसलेलं औषध किंवा कमी मात्रा निवडता येते.

५. खरी गंभीर ॲलर्जी ओळखायची कशी?

वेळ आणि जागा, दोन्ही बघा. इंजेक्शननंतर काही मिनिटांत, फार तर तासाभरात, शरीराच्या एकाहून जास्त भागांत एकदम त्रास सुरू होतो. तळहात-तळपायाला खाज, अंगावर गांधी, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, घसा आवळल्यासारखा होणं, आवाज बसणं, छातीतून सूं सूं आवाज, धाप, पोटात मुरडा, उलटी, रक्तदाब कोसळणं. ‘आता मी काही वाचत नाही’ अशी विलक्षण भीती रुग्ण बोलून दाखवतात. तीही खूणच आहे, तिला नाटक समजू नका.

सगळ्या खुणा दिसेपर्यंत थांबायचं नसतं. गांधी आणि त्यासोबत धाप, किंवा गांधी आणि त्यासोबत रक्तदाब कमी, एवढं पुरेसं आहे. याला वैद्यकीय भाषेत ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. नुसत्या एखाद-दोन गांधी उठल्या आणि बाकी माणूस ठीक असेल तर तो ॲनाफिलॅक्सिस नव्हे, पण लक्ष ठेवावं लागतं.

६. दवाखान्यातच असं झालं तर काय व्हायला हवं? नातेवाईक म्हणून आम्ही काय बघायचं?

सर्वांत आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० च्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलि. मुलांना वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. सोबत ऑक्सिजन आणि वेगाने सलाइन.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. रिॲक्शन आली की आधी ॲव्हिल आणि स्टेरॉइड टोचायचं आणि मग वाट बघायची, ही सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. ॲव्हिलने खाज थांबते. ते सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब वर आणत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ही औषधं द्यावीत, पण ॲड्रेनलिननंतर. ॲनाफिलॅक्सिसमध्ये माणूस दगावतो तो बहुतेकदा ॲड्रेनलिन उशिरा मिळाल्याने. ॲम्प्यूल स्वस्त असते आणि लहानातल्या लहान दवाखान्यातही ठेवता येते. म्हणूनच छोट्या शस्त्रक्रियेआधी ‘तुमच्याकडे ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन आहे ना?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

तुमचं काम: रुग्णाला आडवं ठेवा, पाय उशीवर घ्या. धाप असेल तर टेकवून बसवा, पण पाय पसरलेले राहू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. ‘जरा चालवून आणतो, बरं वाटेल’ हे अजिबात करू नका. अशा वेळी एकदम उभं केल्याने हृदयाकडे येणारं रक्त आटतं आणि माणूस कोसळतो.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर ओरडून सांगा. या गोळ्यांमुळे ॲड्रेनलिनचा परिणाम कमी पडू शकतो आणि मग ग्लुकागॉन हे दुसरं औषध द्यावं लागतं.

७. आम्ही घरी पोहोचल्यावर त्रास सुरू झाला तर? आमचं गाव हरसूलच्या पुढे आहे.

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत. पण गाडी घाटातून यायला वेळ लागणार असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात फोन करून ‘ॲनाफिलॅक्सिस आहे, ॲड्रेनलिन तयार ठेवा’ असं सांगा आणि रुग्णाला आडवं ठेवूनच तिकडे न्या. शहरातलं मोठं हॉस्पिटल नंतर. पहिलं ॲड्रेनलिन जिथे लवकर मिळेल तिथे आधी. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका.

एकदा बरं वाटल्यावरही त्रास उलटू शकतो, बहुधा काही तासांत आणि क्वचित ७२ तासांपर्यंत. म्हणून ॲड्रेनलिन द्यावं लागलेल्या माणसाने निदान सहा तास देखरेखीखाली राहावं. दमेकरी असेल, एकाहून जास्त डोस लागले असतील किंवा घर तुमच्यासारखं लांब असेल तर ती रात्र हॉस्पिटलमध्येच काढा. परदेशात मिळणारी ॲड्रेनलिनची तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ज्याला खरा धोका आहे त्याने ॲम्प्यूल आणि सिरिंज जवळ ठेवायची का, आणि घरातल्या कुणी ती कशी द्यायची, हे डॉक्टरांसमोर हातात घेऊन शिकावं.

८. इंजेक्शनआधी हातावर ‘टेस्ट डोस’ देतात, तो सगळ्यांनी घ्यावा का?

ज्याला पूर्वी कधीच त्रास झालेला नाही त्याला लिग्नोकेनची त्वचेखालची टेस्ट करायची गरज नाही. अशा टेस्टमध्ये निव्वळ टोचल्याने किंवा औषधाच्या चुरचुरीने लाली उठते आणि निरोगी माणसावर ॲलर्जीचा शिक्का बसतो. उलट टेस्टला काही उठलं नाही म्हणून खरी मात्रा सुरक्षित ठरली, असंही नाही. आणि ज्याला खरंच ॲलर्जी आहे त्याला त्या थेंबभर औषधानेही त्रास होऊ शकतो, म्हणून आपत्कालीन तयारी नसताना खुर्चीवर बसवून केलेली टेस्ट म्हणजे सुरक्षेचा आभासच.

पूर्वी त्रास झाला असेल तर तपासणी हवीच, पण ती प्रश्न ९ मधली.

९. मग नीट तपासणी कशी होते?

आधी कहाणी. अर्धं निदान तिथेच होतं, म्हणून प्रश्न २१ मधली नोंद फार मोलाची. मग रिॲक्शन होऊन निदान चार ते सहा आठवडे गेल्यावर त्वचेची तपासणी. आधी पाठीवर किंवा हातावर औषधाचा थेंब ठेवून अलगद टोचतात. काही उठलं नाही तर शंभर पट आणि मग दहा पट पातळ केलेलं औषध त्वचेत देतात. तेही शांत गेलं तर खरं औषध थोड्या थोड्या वाढत्या मात्रेत, मध्ये वीस-तीस मिनिटं थांबत, त्वचेखाली देतात. शेवटची नेहमीची मात्राही सुखरूप गेली की ते औषध तुमच्यासाठी मोकळं.

तपासणीचं औषध ॲड्रेनलिन आणि परिरक्षक (औषधात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन) नसलेलं हवं, नाहीतर कशामुळे उठलं ते कळत नाही. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीवरच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, आणि सर्दी-खोकल्याच्या सिरपातही असं औषध असतं हे लोक विसरतात. नक्की किती दिवस ते तपासणारे डॉक्टर सांगतील. हे सगळं ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या ठिकाणीच व्हावं.

१०. रक्ताच्या ॲलर्जी पॅकेजमधून हे कळत नाही का?

नाही. धूळ, परागकण, शेंगदाणे यांची यादी असलेल्या पॅकेजमधून लिग्नोकेनबद्दल काहीच कळत नाही. त्यात पैसे घालवू नका.

एक रक्ततपासणी मात्र खरंच उपयोगाची आहे: ट्रिप्टेज, म्हणजे ॲलर्जीच्या वेळी शरीरातल्या पेशींतून रक्तात उतरणारं रसायन. रिॲक्शन चालू असताना किंवा सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, फार तर चार तासांत रक्त घेतात, आणि तुलनेसाठी चोवीस तासांनंतर पुन्हा एकदा. पहिली पातळी ठळकपणे जास्त असेल तर ॲनाफिलॅक्सिसला पुष्टी मिळते. ती नेहमीसारखी आली म्हणून ॲलर्जी नव्हतीच, असं मात्र म्हणता येत नाही. उपचार थांबवून रक्त काढायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

११. औषधाची ॲलर्जी नाही म्हणाले, पण त्याच बाटलीने त्रास झाला. असं कसं?

बाटली हातात घेऊन लेबल वाचा. लिग्नोकेनची ३० मिलिची बाटली अनेकदा वापरायची असते, म्हणून तिच्यात जंतू वाढू नयेत यासाठी मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं. बारीक अक्षरात, औषधाच्या प्रमाणाखाली ते लिहिलेलं सापडतं. त्याची रचना प्रश्न १ मधल्या पॅरा-अमिनो बेंझोइक आम्लाशी मिळतीजुळती आहे आणि काहींना त्याचीच ॲलर्जी असते. अशांना परिरक्षक नसलेली, एकदाच वापरायची ॲम्प्यूल चालते.

दुसरा घटक सल्फाइट. ॲड्रेनलिन टिकावं म्हणून मेटाबायसल्फाइट घालतात. म्हणजे ॲड्रेनलिन नसलेल्या लिग्नोकेनमध्ये त्याची गरजच नसते.

१२. वाईन घेतली किंवा पिवळे बेदाणे खाल्ले की मला दम लागतो. दातांच्या इंजेक्शनचा संबंध आहे का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. वाईन टिकवायला सल्फाइट वापरतात आणि बेदाण्याचा रंग टिकवायला गंधकाची धुरी देतात. बाटलीच्या किंवा पाकिटाच्या लेबलवर आयएनएस २२०, २२३ किंवा २२४ असे आकडे दिसले तर ते सल्फाइटच. दमेकऱ्यांपैकी काहींना त्याने छाती भरून येते. वाईनने दम लागण्याला इतरही कारणं असतात, पण तुम्हाला दोन्हींचा त्रास होत असेल तर दंतवैद्याला तसं सांगा आणि ॲड्रेनलिन नसलेलं औषध मागा.

यात एक अपवाद आहे आणि तो विसरू नका. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवायला जे ॲड्रेनलिन देतात त्यातही सल्फाइट असू शकतं, तरी ते नाकारायचं नाही. त्या क्षणी ते न देण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

१३. सल्फाच्या गोळीची किंवा केसांच्या डायची ॲलर्जी असेल तर?

सल्फाची औषधं आणि सल्फाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याने सल्फाइट टाळायची गरज नाही. काळी मेंदी आणि डाय यांतलं पीपीडी हे रसायन मात्र एस्टर गटाच्या नात्यातलं आहे. डाय लावल्यावर डोकं-कपाळ सुजत असेल तर बेंझोकेनची जेल आणि एस्टर गटातली औषधं टाळा. लिग्नोकेन अमाइड असल्याने चालतं.

१४. त्याच दिवशी बाकी औषधंही घेतली होती. दोष नक्की कुणाचा?

हाच प्रश्न सर्वांनी विचारायला हवा. दात काढायच्या दिवशी माणूस घरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन निघतो, वाटेत अमॉक्सिसिलिनचा डोस घेतो, आणि गांधी उठल्या की दोष जातो इंजेक्शनला. वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं यांची ॲलर्जी लिग्नोकेनच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त आढळते.

क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक तर लपून बसणारं आहे. ते माउथवॉशमध्ये असतं, शस्त्रक्रियेआधी त्वचा पुसायच्या द्रवात असतं, लघवीची नळी घालताना वापरायच्या काही जेलमध्ये लिग्नोकेनच्या जोडीला असतं. नळी घातल्यावर रिॲक्शन आली की फाइलवर ‘लिग्नोकेन जेल ॲलर्जी’ लिहिलं जातं, आणि तो माणूस पुढच्या शस्त्रक्रियेत पुन्हा क्लोरहेक्सिडिनने पुसला जातो. अशा वेळी तपासणीत क्लोरहेक्सिडिनचा समावेश करायला आवर्जून सांगा.

रबरी हातमोजेही विसरू नका. फुगे फुगवताना ओठ सुजत असतील किंवा केळं, पपई, किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल तर लॅटेक्सची शंका घ्या.

१५. केसरोपण करताना ओठांभोवती मुंग्या आल्या, कानात गुंजलं. ही कसली ॲलर्जी?

ही ॲलर्जी नव्हे. औषध रक्तात जास्त गेल्याची ही लक्षणं आहेत. तोंडात धातूची चव, मुंग्या, कानात आवाज, बरळणं, मग स्नायू फडफडणं, झटका, आणि शेवटी हृदयाची लय बिघडणं, असा क्रम असू शकतो. नेहमीची मर्यादा साध्या लिग्नोकेनसाठी दर किलोला सुमारे ४.५ मिलिग्रॅम आणि ॲड्रेनलिनसोबत ७ मिलिग्रॅम. दोन टक्के औषधाच्या एका मिलिमध्ये २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधं औषध साडेतेरा मिलि. डोकं, दाढी, दोन्ही एकाच बैठकीत करायचं म्हटलं की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. यावर खास उपचार आहे, २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं सलाइन) शिरेतून देणं. ते तिथे ठेवलेलं आहे का, हे आधीच विचारा.

लेझरआधी बधिर करणारं मलम दोन्ही पायांभर फासून वर प्लास्टिक गुंडाळणं हाही याच धोक्याचा मार्ग. शिवाय प्रिलोकेन असलेल्या मलमाने आणि बेंझोकेनने क्वचित रक्तातली ऑक्सिजन वाहायची क्षमता घटते, ओठ-नखं निळसर राखाडी दिसतात. ॲलर्जी तीही नाही. तान्ह्या बाळाच्या हिरड्यांना बेंझोकेनची जेल याच कारणासाठी लावू नका.

१६. सुनेला सिझेरियनच्या वेळी कमरेतून भूल दिल्यावर बीपी पडलं, मळमळलं, थंडी वाजली. पुढच्या बाळंतपणात काय करायचं?

ही त्या भुलेचीच नेहमीची लक्षणं आहेत. खालच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून रक्तदाब उतरतो. आम्ही त्याची तयारी ठेवूनच असतो. गांधी, सूज किंवा छातीत सूं सूं नव्हती तर ॲलर्जी धरू नका. मागच्या वेळचा भुलेचा कागद मात्र घेऊन या.

१७. गाल दुसऱ्या दिवशी सुजला. उशिरा येणारी ॲलर्जी असते का?

असते, पण ती वेगळी दिसते. २४ ते ७२ तासांनी औषध लागलेल्या जागी खाज, लाली, बारीक फोड येतात. मूळव्याधीची किंवा बधिर करणारी मलमं वारंवार लावणाऱ्यांना ती होते आणि त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट (त्वचेवर औषधाची पट्टी चिकटवून) करून शोधतात. दात काढल्यावर दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल बहुधा शस्त्रक्रियेचा, साकळलेल्या रक्ताचा किंवा जंतुसंसर्गाचा असतो. लहान मुलांनी सुन्न ओठ चावून ठेवलेला असतो.

दोन अपवाद महत्त्वाचे आहेत. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी ओठ-जीभ अचानक सुजू शकते, गोळी सुरू होऊन वर्षं झाली असली तरी. आणि काही घराण्यांत आनुवंशिक सूज येण्याचा आजार असतो: दातांच्या कामानंतर काही तासांनी घसा सुजतो, खाज आणि गांधी मात्र नसतात. त्यावर ॲव्हिल, स्टेरॉइड, ॲड्रेनलिन नीट चालत नाहीत. त्याची औषधं वेगळी आहेत. घरात कुणी ‘घसा सुजून’ गेलं असेल तर दात काढण्याआधी हे सांगाच. घसा सुजला असेल आणि ॲनाफिलॅक्सिसची शंका असेल तर प्रश्न ७ प्रमाणे आधी जवळ मिळेल तिथे ॲड्रेनलिन, आणि मग कारण कोणतंही असो, मोठं हॉस्पिटल.

१८. आईला ॲलर्जी आहे. मग मलाही असेल?

औषधाची ॲलर्जी अशी वारशाने येत नाही. आईचा इतिहास सांगा, पण त्यासाठी तपासणीची गरज नाही.

१९. मी द्राक्षबागेत फवारणी करतो. भूल घेताना सांगायला हवं का?

हो. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) दाबून टाकतात. एस्टर गटातली औषधं तेच विकर फोडतं, त्यामुळे ती रक्तात जास्त वेळ राहू शकतात. पूर्ण भुलीत स्नायू सैल करायला वापरायचं सक्सिनिलकोलिनही तसंच. लिग्नोकेन यकृतात फुटतं, त्याला ही अडचण नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या सुरू असतात, तेव्हा शेवटची कधी केली आणि कोणतं औषध मारलं ते भूलतज्ज्ञाला सांगा.

२०. लिग्नोकेनची ॲलर्जी तपासणीत नक्की झाली. आता दाढ कशी काढायची? आणि नाशिकमध्ये विचारायचं कुठे?

मार्ग बरेच आहेत. एका अमाइडची ॲलर्जी असली तरी दुसरं चालू शकतं, पण ते गृहीत न धरता त्याच तपासणीत दुसरं औषधही तपासून घ्यावं. एस्टर आणि अमाइड यांतल्या एका गटाची ॲलर्जी असली तरी दुसऱ्याची सहसा नसते, म्हणून गट बदलणं हाही पर्याय असतो. डायफेनहायड्रामिन हे ॲलर्जीवरचं औषध टोचून थोडी जागा बधिर करता येते. आणि शेवटी पूर्ण भूल आहेच, नीट तयारीच्या हॉस्पिटलमध्ये.

चौकशीची सुरुवात त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा पंचवटीतलं दंत महाविद्यालय इथून करता येईल. त्वचारोगतज्ज्ञ किंवा ॲलर्जीतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघं मिळून तपासणी करतील का, हे आधी विचारा. ‘आत्ता लगेच टोचून बघू’ असं कुणी म्हणालं तर प्रश्न ८ आठवा. रिॲक्शनची नोंद तुम्ही स्वतःही सरकारकडे करू शकता: भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.

२१. रिॲक्शननंतर डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं?

‘झायलोकेन ॲलर्जी’ एवढंच नको. घरी जाण्याआधी हे मागा: औषधाचं पूर्ण नाव आणि टक्केवारी, ॲड्रेनलिन होतं का आणि किती, किती मिलि दिलं, बॅच क्रमांक, इंजेक्शन आणि पहिलं लक्षण यांमधली मिनिटं, त्या वेळची नाडी आणि रक्तदाब, त्वचेवर काय दिसलं, त्या दिवशीची बाकीची सगळी औषधं, माउथवॉश आणि मलमांसकट, आणि कशाने बरं वाटलं. बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. गांधी उठल्या असतील तर त्यांचाही, कारण तपासणीला जाईपर्यंत त्या गेलेल्या असतात. तपासणी झाल्यावर कोणतं औषध चालतं आणि कोणतं चालत नाही, दोन्ही एकाच कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.